इंग्लंडमधील खेड्यांच्या चर्चमध्ये बाराव्या शतकाचा शोध: नवख्यांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडमधील एखाद्या लहान खेड्यातले चर्च प्रथमच पाहणाऱ्या माणसासमोर बहुधा आठ-नऊ शतकांची सरमिसळ एकाच वेळी उभी राहते. मनोरा पंधराव्या शतकातील असतो, खिडक्या चौदाव्या शतकातील असतात, छप्पर व्हिक्टोरिया राणीच्या काळात नव्याने घातलेले असते, आणि या सगळ्यांत कुठेतरी अर्धवर्तुळाकार कमानीचे एखादे दार किंवा जाड दगडी बाप्तिस्मा-कुंड बाराव्या शतकापासून टिकून असते. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतरच्या सुमारे सव्वाशे वर्षांत या देशातील गावोगावची चर्च दगडात नव्याने बांधली गेली. पश्चिम युरोपभर त्या काळी रुजलेल्या, अर्धवर्तुळाकार कमानी आणि जाड भिंतींच्या या शैलीला रोमनेस्क म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये तिलाच नॉर्मन म्हणण्याची पद्धत आहे. त्या काळातील संपूर्ण चर्च आज फार थोडी उरली आहेत, परंतु त्यांचे तुकडे मात्र विलक्षण मोठ्या संख्येने शिल्लक आहेत.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि वास्तुकलेचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या मराठी वाचकाला हे तुकडे स्वतः शोधता आणि ओळखता यावेत, यासाठी हे मार्गदर्शन आहे. प्रत्येक अवशेषासमोर उभे राहून दोन प्रश्न विचारावेत, एवढीच त्यामागची पद्धत आहे. हा दगड खरोखर बाराव्या शतकातील आहे का, हा पहिला प्रश्न. आणि आजूबाजूचे सारे बदलले असताना हाच का उरला, हा दुसरा. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात त्या गावाचा पैसा, श्रद्धा, आळस आणि अभिमान असा सगळाच इतिहास येतो.

निघण्यापूर्वी

सुरुवातीला चर्च निवडताना प्रसिद्धीपेक्षा सोय पाहावी. ऑक्सफर्डमध्ये राहणाऱ्यांना थेम्स नदीच्या काठाने चालत इफ्लीच्या सेंट मेरी चर्चपर्यंत सहज जाता येते, आणि पहिल्या भेटीसाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे. हेरफर्डच्या नैर्ऋत्येला किलपेक आहे, चेल्टनम आणि सायरनसेस्टर यांच्या मधल्या उंच माळावर एल्कस्टोन आहे, आणि केंटमध्ये कँटरबरीपासून फार दूर नसलेले बारफ्रेस्टन आहे. या शेवटच्या तीन ठिकाणी बस फारशा जात नाहीत किंवा मुळीच जात नाहीत, त्यामुळे परतीची व्यवस्था आधीच ठरवावी.

हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेची संरक्षित वास्तूंची यादी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आपल्या परिसरातील पहिल्या श्रेणीच्या चर्चच्या नोंदी त्यात वाचल्या, की कोणत्या भागाला बारावे शतक म्हटले आहे ते कळते. याखेरीज ब्रिटन आणि आयर्लंडमधील रोमनेस्क शिल्पांची एक स्वतंत्र सूची इंटरनेटवर उपलब्ध आहे. पोलिश वंशाचे कला-इतिहासकार जॉर्ज झार्नेत्स्की यांच्या प्रेरणेने हे काम सुरू झाले, आणि त्यात एकेका चर्चमधील एकेका कोरीव दगडाचे वर्णन व छायाचित्र दिलेले असते. माझा आग्रह असा, की या सूचीतील वर्णन भेटीनंतर वाचावे. आधी वाचले, तर डोळे फक्त यादीतले शोधत राहतात.

सोबत लहान दुर्बीण, चांगला टॉर्च, वही, पेन्सिल आणि मोजपट्टी असावी. ग्रामीण भागात एकच धर्मगुरू बहुधा अनेक गावांची चर्च सांभाळतात, त्यामुळे इमारतीत कोणीच नसण्याची शक्यता मोठी असते. दार बंद असेल तर पोर्चमधील फलकावर किल्ली कोणाकडे मिळेल ते बहुतेक वेळा लिहिलेले असते, आणि त्या घरी जाऊन विनंती केल्यास नकार क्वचितच मिळतो. रविवारी सकाळची वेळ प्रार्थनेसाठी सोडून द्यावी. आत शिरताना जाळीचे दुसरे दार असेल तर ते आठवणीने लावून घ्यावे, कारण आत अडकलेला पक्षी तहानेने मरतो. दानपेटीत काहीतरी टाकावे आणि तिथे ठेवलेली माहितीपुस्तिका विकत घ्यावी. या इमारतींची दुरुस्ती मुख्यतः गावातील मोजक्या लोकांच्या वर्गणीवर चाललेली असते.

बाहेरून एक संपूर्ण फेरी

दार दिसले की लगेच आत जाण्याचा मोह आवरावा आणि प्रथम इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारावी. चर्चची पूर्व बाजू वेदीची असते. पश्चिमेकडे भाविकांचे मोठे दालन असते, त्याला नेव्ह म्हणतात, आणि पूर्वेकडे वेदीचे लहान दालन असते, त्याला चान्सेल म्हणतात. बाराव्या शतकातील साध्या खेड्याच्या चर्चला एवढी दोनच दालने असत. श्रॉपशरमधील हीथ येथील चॅपल या रचनेचा जवळजवळ अस्पर्श नमुना आहे. तिथली वस्ती मध्ययुगातच ओसरली, इमारत वाढवण्याची गरज कोणालाच उरली नाही, आणि म्हणून ती आज माळावर तशीच एकटी उभी आहे. थोड्या अधिक संपन्न ठिकाणी चान्सेलच्या पूर्व टोकाला अर्धवर्तुळाकार भाग जोडलेला असे. त्याला ॲप्स म्हणतात आणि किलपेकला तो सुस्थितीत आहे. इफ्ली आणि बकिंगहॅमशरमधील स्ट्यूकली येथे नेव्ह आणि चान्सेल यांच्या मध्ये रुंद मनोरा आहे, आणि मनोरा मध्यभागी पण बाजूंना एकही दालन नाही अशी रचना दिसली, तर आपण बाराव्या शतकाच्या आराखड्यासमोर उभे आहोत असे बऱ्याच विश्वासाने समजावे.

स्ट्यूकलीबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी नेमलेल्या रॉस्किल आयोगाने जवळच्याच कब्लिंग्टनची शिफारस केली होती. ती मान्य झाली असती, तर गावासह हे चर्चही गेले असते. ग्रामस्थांनी प्रखर विरोध केला आणि १९७१ मध्ये सरकारने ती जागा नाकारली. ‘का उरले’ या प्रश्नाचे उत्तर काही वेळा इतक्या अलीकडच्या काळात असते.

फेरी मारताना नेव्ह आणि चान्सेल वेगवेगळ्या काळातील वाटले, तर गोंधळून जाऊ नये. तेराव्या शतकापासून रूढ झालेल्या नियमानुसार चान्सेलची देखभाल त्या धर्मग्रामाचे उत्पन्न घेणाऱ्या रेक्टरकडे असे आणि नेव्हची देखभाल ग्रामस्थांकडे. रेक्टरचे स्थान बऱ्याचदा एखाद्या दूरच्या मठाकडे असे, आणि मठाला एका खेड्याच्या चान्सेलवर खर्च करण्याची फारशी इच्छा नसे. त्यामुळे नेव्ह ऐसपैस आणि नवे, पण चान्सेल अंधारे, बुटके आणि बाराव्या शतकातले, असे दृश्य अनेक गावांत दिसते. कुठे याच्या नेमके उलटेही झालेले असते.

सुबत्तेचा प्रश्नही येथेच येतो. पंधराव्या शतकात लोकरीच्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या कॉट्सवोल्ड आणि सफोकमधील गावांनी आपली जुनी चर्च पाडून मोठ्या खिडक्यांची भव्य चर्च बांधली. नॉर्थलीच आणि लॅव्हनम ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. म्हणून रोमनेस्क अवशेष शोधणाऱ्याने संपन्न बाजारगावांपेक्षा आडवाटेची, त्या काळी मागे पडलेली गावे धुंडाळावीत.

भिंती आणि खिडक्या

मूळ नॉर्मन खिडकी लहान, अरुंद आणि वरून अर्धवर्तुळाकार असते. बाहेरून ती एखाद्या फटीएवढी दिसते, पण आतून पाहिली की जाड भिंतीत ती तिरपी रुंदावत गेलेली असते, जेणेकरून थोडासा उजेड जास्तीत जास्त पसरावा. दक्षिणेकडील खिडक्या पुढच्या शतकांत उजेडासाठी मोठ्या केल्या गेल्या, उत्तरेकडील तशाच राहिल्या; म्हणून उत्तर भिंत अधिक काळजीने पाहावी. मोठी टोकदार खिडकी बसवताना जुन्या खिडकीची अर्धी कमान भिंतीत राहून गेलेली असते आणि ती बुजवलेली कमान शोधणे हा या छंदातील खरा आनंद आहे. उत्तर भिंतीत बुजवलेले दारही वारंवार आढळते. त्याला सैतानाचे दार म्हणण्याची दंतकथा माहितीपुस्तिकांत भेटेल. ती नंतरच्या काळातली आहे, तिच्यावर विसंबू नये.

भिंतीच्या कोपऱ्यांवरचे दगड पाहावेत. नॉर्मनपूर्व, म्हणजे अँग्लो-सॅक्सन, कामात कोपऱ्यावर एक उभा लांब दगड आणि त्यावर एक आडवा चपटा दगड अशी आलटून-पालटून रचना दिसते, आणि त्या भिंती उंच पण तुलनेने पातळ असतात. नॉर्मन भिंत जाड असते आणि तिला बाहेरून टेकू दिलेले असले तर ते रुंद, पण भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे आलेले सपाट पट्टे असतात. खूप पुढे आलेले, पायऱ्यापायऱ्यांचे टेकू नंतरच्या काळातले समजावेत. दगड तिरपे लावून माशाच्या काट्यासारखी केलेली रचना दिसली, तर अकरावे शतक मनात आणावे, मात्र ती सॅक्सनांनीही वापरली असल्यामुळे एवढ्याच पुराव्यावर निष्कर्ष काढू नये.

पूर्वेकडील नॉरफोक आणि सफोकमध्ये गोल मनोऱ्यांची चर्च मोठ्या संख्येने आहेत. तिथे चकमकीच्या खड्यांखेरीज बांधकामाचा दगड मिळत नसे आणि खड्यांनी कोपरा नीट बांधता येत नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे.

दक्षिणेचे दार

खेड्याच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातील सर्वांत मोठी मेहनत बहुधा दक्षिणेच्या दारावर झालेली असते, आणि सर्वांत अधिक वेळा तेच शिल्लक राहिलेले असते. गावातील माणसे याच दाराने आत जात. बाप्तिस्म्याच्या विधीची आणि लग्नाची सुरुवातही दारातच होत असे. नंतरच्या शतकांत बाजूला नवे दालन जोडताना भिंत पाडली गेली, तरी दाराचे दगड एकेक करून उतरवून नव्या भिंतीत पुन्हा बसवले जात. त्यामुळे तेराव्या किंवा चौदाव्या शतकातील भिंतीत बाराव्या शतकातील दार दिसले तर आश्चर्य वाटू देऊ नये. दगडांचे सांधे मात्र तपासावेत, कारण पुन्हा बसवताना क्रम चुकून नक्षी मध्येच तुटलेली किंवा कमान जराशी बसकी झालेली आढळते. दारासमोर नंतर पोर्च बांधला गेला असेल, तर पावसापासून बचाव झाल्यामुळे कोरीवकाम अधिक ताजे राहते.

दार बाहेरून आत वाचत जावे. महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांच्या दारांना जशा एकापाठोपाठ द्वारशाखा असतात, तशीच नॉर्मन दाराची कमानही एकाच्या आत एक अशा थरांनी बनलेली असते, आणि प्रत्येक थराखाली भिंतीच्या खाचेत बसवलेला बारीक खांब असतो. थर जितके अधिक, तितका भिंतीचा जाडपणा आणि खर्च करणाऱ्याचा हात मोठा. प्रत्येक थर पाचरीच्या आकाराच्या सुट्या दगडांचा असतो आणि पाथरवट हे दगड जमिनीवरच कोरून मग वर चढवत असत. म्हणूनच नक्षीचा एक नमुना बहुधा एका दगडावर संपतो.

सर्वांत जास्त दिसणारी नक्षी शेव्हरॉनची, म्हणजे कोनाकोनांनी वळत जाणाऱ्या पट्टीची. बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत डरहॅमच्या कॅथिड्रलमध्ये तिचा वापर झाला आणि तिथून पुढे ती शतकभर सगळीकडे पसरली. सुरुवातीला ती दगडाच्या दर्शनी भागावर सपाट असते, पुढे ती अधिक खोल, दुहेरी आणि कमानीच्या पोटाकडे वळणारी होते. दुसरी नक्षी बीकहेडची आहे, आणि माझ्या दृष्टीने इंग्लंडच्या खेड्यांना लाभलेली ती सर्वांत जिवंत देणगी आहे. पक्ष्याचे किंवा श्वापदाचे मुख आपल्या लांब चोचीने किंवा जबड्याने कमानीची गोल पट्टी धरून ठेवते, आणि अशी मुखे ओळीने संपूर्ण कमानभर बसवलेली असतात. पहिल्या हेन्री राजाने ११२१ मध्ये स्थापन केलेल्या रेडिंगच्या मठात ही नक्षी होती, आणि तिच्या प्रसारात त्या मठाचा वाटा मोठा मानला जातो. इफ्लीच्या पश्चिम दारावर बीकहेडच्या रांगा मावळतीच्या उन्हात पाहाव्यात. त्याच दर्शनी भागातील गोल खिडकी मात्र १९व्या शतकात पुन्हा बसवलेली आहे, हे लक्षात ठेवावे.

खांबांच्या माथ्यावरील शीर्षे काळ सांगण्यास उपयोगी पडतात. घनाचे खालचे कोपरे गोलाकार तासून केलेले साधे शीर्ष अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळते. त्याच्या प्रत्येक बाजूवर शिंपल्याच्या काठासारखे अर्धगोल ओळीने कोरलेले असतील, तर बाराव्या शतकाचा पहिला अर्धा भाग किंवा मध्य गृहीत धरावा. रुंद, गुळगुळीत पानाचे टोक कोपऱ्यावर आत वळलेले असेल, तर तो ११७० ते ११९० च्या आसपासचा काळ असतो, आणि तिथे टोकदार कमान जवळच कुठेतरी असण्याची शक्यता आहे.

कमानीच्या आतील अर्धवर्तुळाकार शिळेला टिंपॅनम म्हणतात. ती कोरीव असेल तर त्या चर्चमधील सर्वांत बोलका दगड तोच. बारफ्रेस्टन आणि एल्कस्टोन येथे त्यावर सिंहासनाधिष्ठित ख्रिस्त आहे, किलपेकला फळे-पाने ल्यालेला जीवनवृक्ष आहे, आणि हेरफर्डशरमधील ब्रिन्सप येथे घोड्यावर बसून नागाला मारणारा संत जॉर्ज आहे. हा दगड आता चर्चच्या आत भिंतीत ठेवलेला आहे. बारफ्रेस्टनच्या कमानीवरील लहान वर्तुळांत वाद्ये वाजवणारे प्राणी आणि कामात गुंतलेली माणसे आहेत. त्या चर्चला मनोरा नाही, आणि घंटा अंगणातील यूच्या झाडाला टांगलेली आहे.

छपराच्या काठाखाली

भिंतीचा माथा जिथे छपराला भिडतो, तिथे पुढे आलेल्या दगडी आधारांची रांग असते. त्यांना कॉर्बेल म्हणतात, आणि दुर्बीण आणली आहे ती मुख्यतः त्यांच्यासाठी. किलपेकची कीर्ती येथे आहे. ११४० च्या सुमारास बांधलेल्या या लहानशा चर्चभोवती मूळच्या ९१ कॉर्बेलपैकी ८५ शिल्लक असल्याचे मानले जाते. त्यांत शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा आहेत, मेंढ्याचे डोके आहे, वाद्य वाजवणारा आहे, आणि आपले जननांग उघडे करून दाखवणारी शीला-ना-गिग ही स्त्रीमूर्तीही आहे. हिच्या अर्थाबद्दल अनेक मते आहेत: वासनेविरुद्धचा इशारा, दृष्ट टाळणारी आकृती, सुफलतेची देवता. नवख्या पाहणाऱ्याने यातील एकच मत पकडून बसू नये. आधी तिच्या शेजारचे दगडही तितक्याच लक्षपूर्वक पाहावेत.

किलपेकचे दगड इतके स्वच्छ का राहिले, याचे एक उत्तर त्या भागातील लाल वाळूच्या दगडाच्या दर्जात आहे. याच पाथरवटांच्या घराण्याचे, ज्याला अभ्यासक हेरफर्डशर शैली म्हणतात, दुसरे मोठे काम शॉबडन येथे होते. १७५० च्या दशकात ते चर्च पाडून नवे बांधण्यात आले आणि जुन्या कोरीव कमानी टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या गेल्या. छपराविना अडीच शतके पावसात राहिल्यामुळे त्यांवरील आकृती आज ओळखता येणेही कठीण झाले आहे. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहणे शक्य असेल तर अवश्य पाहावीत, कारण वापरात असलेले चर्च आणि त्यावरील छप्पर यांनी काय वाचवले, ते तिथे डोळ्यांसमोर येते.

आत गेल्यावर

आत शिरल्यावर काही मिनिटे शांत बसून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. मग नेव्ह आणि चान्सेल यांच्यामधील कमान पाहावी. अरुंद आणि बुटकी कमान बहुधा जुनी असते, कारण पुढच्या शतकांत वेदी सर्वांना दिसावी म्हणून ती रुंद केली गेली. रटलंडमधील टिकनकोट येथे या कमानीचे अनेक थर आहेत, प्रत्येकावर वेगळी नक्षी आहे, आणि स्वतःच्याच वजनाने ती मध्यभागी किंचित दबलेली आहे. त्या चर्चचा बराचसा भाग १७९२ मध्ये सॅम्युअल पेप्स कॉकरेल या वास्तुकाराने नव्याने बांधला, तोही नॉर्मन धर्तीवर, जे त्या काळी अगदी अनोखे होते. हाच कॉकरेल पुढे ईस्ट इंडिया कंपनीतून परतलेल्या आपल्या भावासाठी ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट हा मुघल घुमटाचा वाडा बांधणार होता. भारतीय वाचकाला हे दोन्ही एकत्र पाहण्यात विशेष रस वाटेल.

चान्सेलवर दगडी छत असेल तर मान वर करून त्याच्या फासळ्या पाहाव्यात; एल्कस्टोनला त्यांवरही शेव्हरॉन आहे, आणि त्या छताच्या वर कबुतरखान्याची खोली आहे.

बाप्तिस्मा-कुंड

संपूर्ण चर्च नवे असले, तरी पश्चिम दाराजवळचे कुंड बाराव्या शतकातील असू शकते. गावातील प्रत्येक पिढीचा बाप्तिस्मा ज्या कुंडात झाला ते टाकून देण्यास लोक कचरत असत, आणि जाड दगडाचे कुंड झिजतही नाही. काठावर तुटलेल्या लोखंडी कड्यांच्या खुणा शोधाव्यात. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ मध्ये कुंडावर झाकण घालून कुलूप लावण्याचा आदेश दिला होता, कारण आतील पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरले जाण्याची भीती होती. त्या खुणा दिसल्या की कुंडाचे मध्ययुगीन असणे जवळजवळ निश्चित होते.

हेरफर्डशरमधील अर्डिस्ली येथील कुंडावर वेलीत गुंतलेले दोन योद्धे झुंजताना आणि ख्रिस्त एका माणसाला हाताला धरून नरकातून ओढून काढताना दिसतो. कंब्रियातील ब्राइडकर्कच्या कुंडावर रून लिपीत रिचर्ड नावाच्या कारागिराने आपणच ते घडवल्याचे कोरले आहे, आणि हातोडा-छिन्नी घेतलेला एक माणूसही तिथेच कोरलेला आहे. बाराव्या शतकातील खेड्यात आपले नाव सोडून गेलेला पाथरवट इतका दुर्मीळ आहे, की त्या कुंडासमोर उभे राहताना मला नेहमी त्या एका माणसाबद्दल कृतज्ञता वाटते. बेल्जियममधील तूर्ने येथून जलमार्गाने आणलेल्या काळ्या दगडाची कोरीव कुंडे इंग्लंडमध्ये ७ आहेत. त्यांपैकी हॅम्पशरमधील ईस्ट मीऑन येथील कुंडावर आदम आणि हव्वेची कथा आहे. शिशाचीही सुमारे ३० कुंडे उरली आहेत, आणि ग्लॉस्टरशरमधील ६ कुंडे तर एकाच साच्यातून काढलेली आहेत.

चुन्याखालची चित्रे

आज उघडी दिसणारी दगडी भिंत मुळात उघडी नव्हती. तिच्यावर गिलावा आणि रंग होता. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत चित्रांवर चुना फासला गेला, आणि त्याच चुन्याने ती झाकून जतनही झाली. ग्लॉस्टरशरमधील केम्पली येथील जुन्या सेंट मेरी चर्चमध्ये चान्सेलच्या छतावर ख्रिस्त आणि दोन्ही बाजूंना वर पाहणारे प्रेषित आहेत. १८७२ मध्ये ती चित्रे चुन्याखाली सापडली. ससेक्समधील हार्डहॅम आणि क्लेटन, तसेच एसेक्समधील कॉपफर्ड येथेही बाराव्या शतकाच्या सुमाराची चित्रे आहेत, मात्र कॉपफर्डची व्हिक्टोरियन काळात बरीच रंगवून काढलेली आहेत. या भिंतींना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये, आणि टेकून उभेही राहू नये.

खरे आणि नंतरचे यांतील फरक

१९व्या शतकातील दुरुस्त्यांनी सर्वांत जास्त गोंधळ घातला आहे. एकीकडे १८४० च्या दशकात नॉर्मन शैलीत नवी चर्च बांधली गेली, आणि दुसरीकडे जुन्या कोरीवकामाची झिजलेली धार पुन्हा काढली गेली. कंब्रियातील रे गावी सॅरा लॉश या स्त्रीने स्वतः आराखडा करून उभारलेले, १८४२ मध्ये पवित्र केलेले चर्च गोल कमानींचे असले, तरी ते तिच्या काळाचे आणि तिच्याच कल्पनेचे आहे, आणि त्यासाठीच ते पाहण्याजोगे आहे.

टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून प्रकाश तिरपा टाकावा. बाराव्या शतकातील घडीव दगडावर कुऱ्हाडीच्या तिरक्या, काहीशा असमान घावांच्या रेषा दिसतात. ११७४ च्या आगीनंतर कँटरबरी कॅथिड्रलच्या पुनर्बांधणीचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या गर्व्हेस या भिक्षूने, जुने काम कुऱ्हाडीचे आणि नवे छिन्नीचे, असा भेद मुद्दाम नोंदवला आहे, आणि आपल्यालाही तोच कामी येतो. यंत्रवत सरळ रेषा, सर्वत्र सारखी तीक्ष्ण धार, एकसारखे अचूक आकार आणि शेजारच्या दगडापेक्षा वेगळा रंग ही नंतरच्या हाताची चिन्हे आहेत. खऱ्या नॉर्मन कमानीत दोन शेव्हरॉन क्वचितच तंतोतंत एकसारखे असतात. एखादा दगड नवा असल्याचे कळले तरी निराश होऊ नये. तो शेजारच्या जुन्या दगडाची हुबेहूब नक्कल असू शकतो, आणि मूळ दगड आत कुठेतरी जमिनीवर ठेवलेला असतो.

नोंद ठेवणे

छायाचित्रे शंभर काढली तरी एक रेखाचित्र काढावेच, कारण चित्र काढताना प्रत्येक थर मोजावा लागतो. प्रथम इमारतीचा साधा आराखडा, मग दाराचे थर, शीर्षांचे प्रकार, खिडक्यांची जागा आणि भिंतीची जाडी लिहावी. शिल्पांची जागा दिशेसह नोंदवावी, उदाहरणार्थ ‘दक्षिण भिंत, पूर्वेकडून चौथे कॉर्बेल’. प्रत्येक नोंदीसमोर आपला अंदाज आणि त्यामागचे कारण वेगवेगळे लिहावे. दक्षिणेच्या दारासाठी कमी उंचीवरचे हिवाळी ऊन उत्तम, तर कॉर्बेलसाठी ढगाळ दिवस बरा, कारण कडक उन्हात काठाची सावली त्यांना झाकून टाकते.

घरी आल्यावर शिल्पसूचीतील नोंद उघडून आपल्या वहीशी ताडून पाहावी. अभ्यासकाने बारावे शतक म्हटलेला दगड आपल्याला नवा वाटला असेल, तर पुन्हा जाऊन तिरप्या प्रकाशात तो तपासावा. पहिल्या वर्षी चार चर्च नीट पाहावीत, एकाच चर्चला निदान दोन वेगळ्या ऋतूंत जावे, आणि शक्यतो ती एकाच परगण्यातली निवडावीत. एकाच खाणीचा दगड आणि एकाच पाथरवटाची सवय शेजारच्या गावांत पुन्हा पुन्हा भेटू लागते, तेव्हा दोन गावांतील शीर्षांची रेखाचित्रे शेजारी ठेवून ती एकाच हाताची आहेत का, हे आपले आपल्यालाच तपासता येते.